अलाबामाचे रविवार

मुलांनो, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहीत असूनही मी हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पुण्यात काय आणि इथे जर्मनीत काय, मी आयुष्यभर इंग्रजी आणि भूगोल हे दोनच विषय शिकवले. पण जे सांगायचं आहे ते मराठीत घडलं. त्याचं भाषांतर मी केलं तर पुन्हा कुणाला तरी वाटेल की मधल्या माणसाने काहीतरी बदललं. तेव्हा आई तुम्हाला वाचून दाखवेल. वाचताना ती मधेच थांबली, तर थांबू द्या.

आत्ताच का, तेही सांगते. थोरली रविवारच्या फोनवर का येत नाही, हे गेल्या आठवड्यात तुमच्या आईने मला सांगितलं. अभ्यास आहे, डोकं दुखतं, ही सगळी कारणं खोटी होती. तिला वाटतं, आजोबांचं बोलणं तिने बाबांना चुकीचं सांगितलं आणि म्हणून ते दोघं शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. अकरा वर्षांच्या मुलीने असलं काही मनात धरून बसू नये. धाकट्याला यातलं फारसं आठवत नसेल, पण त्यानेही ऐकावं.

तुम्ही इथून, नेकारसुल्महून, अमेरिकेत अलाबामाला गेलात तेव्हा थोरली आठ वर्षांची होती. बाबांची कंपनी मोटारींचे सुटे भाग करते. त्याच कंपनीने तिकडे नवा कारखाना काढला आणि बाबांना तिथे पाठवलं. आजोबा आणि मी इथेच राहिलो. पहिल्या महिन्यात व्हिडिओ फोनवर तुम्ही काहीच बोलायचा नाहीत. मी काय जेवलात विचारायचे, तुम्ही जर्मनमध्ये 'नूडल्स' म्हणायचा, आणि संपलं. शेवटी मी मास्तरणीचा उपाय केला. मोठा नकाशा मागवला, जेवणघरातल्या भिंतीवर लावला, आणि दर रविवारी तुमच्या राज्याचा एक धडा घ्यायचा असं ठरवलं. आमचे दुपारचे चार, तुमचे सकाळचे नऊ. तुम्ही अंथरुणातून उठून तसेच यायचा.

माझी पद्धत जुनी आहे. आधी आकार, मग डोंगर, नद्या, माती, पिकं, शहरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं. अलाबामा म्हणजे जवळजवळ सरळ उभा चौकोन, आणि खाली समुद्रात बुडवलेला एक लहानसा पाय. ईशान्येला एका लांब डोंगररांगेची शेपटी येऊन संपते. टेनेसी नदी वरून राज्यात शिरते, थोडी पश्चिमेला वाहते आणि पुन्हा वरच बाहेर जाते. धाकटा म्हणाला होता, तिला तिथे आवडलं नसेल. मधे काळ्या मातीचा एक पट्टा आडवा गेलेला आहे. माती चांगली म्हणून कापूस आला, कापसासाठी गुलाम आणले, आणि आज तोच पट्टा राज्यातला सगळ्यात गरीब भाग आहे. हे मी शिकवलं तेव्हा तुमचे आजोबा शेजारच्या खुर्चीवरून म्हणाले, "चांगली माती शाप असते कधीकधी." तोपर्यंत ते पेपर वाचत असल्याचं दाखवत होते.

त्यानंतर तेही शिकवायला लागले. नद्या-डोंगर माझे, माणसं त्यांची. त्यांनी तुम्हाला बसमधली जागा न सोडणाऱ्या बाईंची गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर गावातले काळे लोक वर्षभर बसवर बहिष्कार घालून कसे पायी कामावर गेले तेही सांगितलं. विद्यापीठाच्या दारात काळ्या मुलांची वाट अडवून उभ्या राहिलेल्या गव्हर्नरची गोष्ट सांगितली. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे, मुख्यमंत्रीच, असं मी मधे घातलं. त्याच माणसाने म्हातारपणी, चाकाच्या खुर्चीत बसून, त्याच लोकांची क्षमा मागितली. "मग केली त्यांनी?" थोरलीने विचारलं होतं. "काहींनी केली," आजोबा म्हणाले, "पण वाट अडली होती ती अडलीच ना."

तुमच्या राज्याच्या उत्तरेला चंद्रावर जाणारी रॉकेटं बांधली गेली. ती बांधायला युद्धानंतर जर्मनीतून माणसं नेली होती. त्यांची आधीची रॉकेटं इथल्या डोंगरातल्या बोगद्यांत कैद्यांकडून करून घेतली होती आणि त्यात हजारो कैदी मेले, हे आजोबांनी तुम्हाला सांगितलं. मला ते त्या वयाच्या मुलांना सांगणं पटलं नव्हतं. ते म्हणाले, "अगं, रॉकेट दाखवायला शाळा नेतेच त्यांना. बोगदा कोण दाखवणार?"

ते असे का होते, हे तुम्हाला कळायला हवं. आजोबा इथे आले तेव्हा तुमचे बाबा चार वर्षांचे होते. आजोबा पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं बनवायचे, इथेही त्याच कामावर लागले. पुढे ते त्यांच्या कारखान्याच्या बेट्रीब्सराटवर निवडून आले. बेट्रीब्सराट म्हणजे कामगारांनी मतं देऊन नेमलेलं मंडळ. कुणाला काढायचं असेल, पाळ्या बदलायच्या असतील, तर मालकाला आधी या मंडळापुढे यावं लागतं. आजोबा निवृत्त होईपर्यंत त्यावर होते. लोक रविवारी चर्चला जातात तसे ते त्या बैठकांना जायचे, इस्त्रीचा शर्ट घालून.

तुमच्या राज्यात असं मंडळ नाही. कामगारांना एकत्र यायचं असेल तर युनियन आणावी लागते, आणि त्यासाठी कारखान्यात मतदान घ्यावं लागतं. बाबांच्या कारखान्यात तसं मतदान ठरलं. राज्यातले पुढारी उघडपणे विरोधात बोलत होते. युनियन आली की कारखाने जातील, असं सांगत होते. हे सगळं आजोबा इथे बसून वाचत होते. बाबांना मात्र ते काही विचारत नव्हते. मला म्हणायचे, "तो इंजिनिअर आहे. त्याचा काय संबंध? तो बाजूला राहील."

मग एका रविवारी धाकटा फोनवर आला तो एक पांढरा टी-शर्ट घालून. मोठ्या माणसाचा शर्ट, त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलेला. झोपायला घालतो म्हणाला. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: आपण एक कुटुंब आहोत, युनियनला नाही म्हणा. तो धडा बर्मिंगहॅम शहराचा होता. लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी एकाच जागी सापडल्या म्हणून ते शहर उभं राहिलं. मी ते सांगत होते आणि आजोबा पडद्याकडे वाकून बघत होते.

"बाळा, हा शर्ट कुणी दिला?"

"पापाने. गाडीत खूप आहेत. फीले." पुष्कळ, हे धाकटा दोन्ही हात पसरून जर्मनमध्ये म्हणाला.

"गाडीत कशाला?"

"मीटिंगला देतो ना तो. सगळ्यांना."

आजोबा मागे टेकले. मला म्हणाले, "चालू दे तुमचं बर्मिंगहॅम." आणि उठून बाल्कनीत गेले. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती. त्यांनी धडा संपायच्या आत सगळा जिना वरून खालपर्यंत झाडून काढला. रविवारी इथे कुणी झाडत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि परत लावून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी बाबांना फोन केला. मी तिथेच भाजी निवडत होते.

"तू त्या सभा घेतोस?"

"बाबा, मी घेत नाही. मला उभं करतात. जर्मनीहून आलेला माणूस सांगतो म्हटलं की लोकांना पटतं."

"काय सांगतोस?"

"की इकडे त्याची गरज नाही. इथले लोक वेगळे, पद्धत वेगळी."

"तू माझ्या ताटात जेवून मोठा झालास. ते ताट कुणी भरलं?"

"तुम्ही भरलंत, बाबा. बेट्रीब्सराटने नाही."

आजोबांनी फोन खाली ठेवला. आदळला नाही, व्यवस्थित ठेवला. तेव्हापासून ते तुमच्या बाबांशी बोलेनासे झाले.

आता आपल्याकडची एक रीत सांगते. घरातल्या दोन माणसांचं बोलणं बंद झालं की मधे एक मूल लागतं. "सांग तुझ्या काकांना, पान वाढलंय." काका समोरच बसलेले असतात, त्यांनी ऐकलेलंही असतं, पण मुलाने तोंडाने सांगेपर्यंत ते उठत नाहीत. माझ्या लहानपणी दोन आत्यांच्या मधे मी तीन वर्षं हे काम केलं आहे. निरोप्याला लाडू जास्त मिळतो, एवढाच फायदा.

पुढच्या रविवारी आजोबा परत खुर्चीवर आले, कारण तुम्हाला बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. बाबाही नेहमीसारखे थोरलीच्या मागे येऊन बसले, कॉफीचा मग घेऊन. आजोबा पडद्याकडे बघून थोरलीला म्हणाले, "सांग तुझ्या बाबांना, मागे खिडकी उघडी आहे, आवाज येतोय." बाबांनी ऐकलं, पण ते हलले नाहीत. थोरलीने मागे वळून जर्मनमध्ये सांगितलं. मग बाबा उठले आणि त्यांनी खिडकी लावली. आजोबा म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. आणि ते चालू झालं.

सुरुवातीला त्यात थोडी गंमतही होती. आजोबा मराठीत बोलायचे, थोरली जर्मनमध्ये सांगायची, बाबा मराठीत उत्तर द्यायचे, थोरली ते परत आजोबांना जर्मनमध्ये सांगायची. तिघांनाही दोन्ही भाषा येत होत्या. एकदा बाबा म्हणाले, "सांग आजोबांना, गुडघा कसा आहे?" आजोबा म्हणाले, "सांग, दोन आहेत, कुठला?" धाकटा हसून खुर्चीवरून पडला.

पण हळूहळू निरोप जड व्हायला लागले. थोरलीच्या शाळेत एक कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाने राज्यातल्या एका मोठ्या माणसाचा वेष करून पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि कुणी जवळ आलं की बोलायचं. तिने आंधळ्या-बहिऱ्या मुलीचं काम घेतलं होतं, जिला हातावर पाणी पडल्यावर पहिला शब्द कळला. आजोबांनी त्या बाईंबद्दल बरंच वाचून ठेवलं. म्हणाले, "सांग तुझ्या बाबांना, ही बाई मोठी झाल्यावर कामगारांच्या बाजूने बोलायची. संपवाल्यांच्या बाजूने. शाळेत फक्त पाण्याचा पंप शिकवतात." थोरली मागे वळली आणि म्हणाली, "आजोबा म्हणतात, माझं काम चांगलं होईल." बाबा म्हणाले, "सांग त्यांना, थँक्यू."

मी त्या वेळी आजोबांकडे बघितलं. ते थोरलीकडे बघत होते.

मतदान झालं. युनियन हरली, फार फरकाने नाही. त्या रविवारी बाबा उशिरा आले, दाढीही केलेली नव्हती. आजोबा म्हणाले, "सांग तुझ्या बाबांना, अभिनंदन." ते कसं म्हणाले ते मला इथे लिहिता येणार नाही. थोरलीने ते सांगितलंच नाही, गप्प राहिली. मग बाबा म्हणाले, आणि या वेळी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, "सांग आजोबांना, आमचा व्हिसा कंपनीच्या हातात आहे. उद्या नको म्हणाले तर चार माणसांना बाहेर पडावं लागेल. हे त्यांना कळतं का, विचार."

तिने विचारलं. आजोबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सांग, माझाही होता."

त्याचा अर्थ मी आता सांगते. आजोबा पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांचा इथला परवानाही त्या एका नोकरीवरच होता. फोरमनने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तुला मुलगा आहे, विचार कर. ते आणि मी दोघंही तेव्हा रोज पोस्टाची पेटी उघडायला घाबरत होतो. तरी ते उभे राहिले. "माझाही होता" म्हणजे तेवढं सगळं. बाबांना ते पुरतं कळलं. त्यांचा चेहरा मी पाहिला.

थोरली, तू तेव्हा मागे वळलीस आणि म्हणालीस, "आजोबा म्हणतात, त्यांना कळतं."

तुझ्या मनात रुतलेलं वाक्य हेच ना? आईने तेच सांगितलं. तुला वाटतं, तू खोटं सांगितलंस, बाबांना वाटलं की आजोबांनी समजून घेतलं, आणि म्हणून बाबांनी पुढे काही केलं नाही. आता नीट ऐक. बाबांनी आजोबांचे शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तुझ्या वाक्यावर ते फसले नाहीत, एक क्षणही नाही. आणि आजोबांनी इतकी वर्षं जर्मनमध्ये बैठका केल्या; तुझं वाक्य त्यांना पूर्ण कळलं. हे वाक्य, अभिनंदनाच्या वेळचं तुझं गप्प राहणं, आणि आधीही तू गाळलेलं किंवा बदललेलं सगळं त्यांना कळत होतं. फोन बंद झाल्यावर त्यांनी चहा मागितला आणि म्हणाले, "पोरीने माझ्या तोंडी माझ्यापेक्षा बरं वाक्य घातलं."

मी म्हटलं, "मग तेच म्हणा ना पुढच्या वेळी. तुमच्या तोंडाने."

"बघू."

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. ते म्हणाले नाहीत. पण तुझं वाक्य त्यांनी खोडलंही नाही. मागे बसलेले बाबाही वाट बघत होते, असं मला वाटतं. दोघंही एकमेकांसारखेच. आधी समोरच्याने बोलायचं.

फेब्रुवारीत आजोबांना शेजारच्या हाइलब्रॉनच्या हॉस्पिटलात ठेवलं, ते तुम्हाला माहीत आहे. हृदयाच्या दुखण्याचं तुम्हाला आधीच सांगितलं होतं. एका बुधवारी बाबांचा माझ्या मोबाइलवर फोन आला. त्यांच्याकडे सकाळ होती, तुम्ही शाळेत होतात. मी फोन आजोबांच्या हातात दिला आणि मुद्दामच खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली गाड्यांच्या तळावर बर्फ वितळून चिखल झाला होता.

"बाबा," फोनमधून आवाज आला. खोली लहान होती, मला ऐकू येत होतं. "बाबा, कसं वाटतंय?"

आजोबा म्हणाले, "पोरगी कुठे आहे?"

"शाळेत आहे. मी एकटाच आहे."

मी मागे वळले नाही. नर्स आली, सलाइनची बाटली बघून गेली. आजोबांच्या श्वासाचा आवाज येत होता.

मग ते म्हणाले, "बरं. रविवारी बोलू."

आणि फोन माझ्यापुढे धरला. शुक्रवारी सकाळी ते गेले.

बाबा एकटेच आले. इथल्या नियमाप्रमाणे दहन लगेच होत नाही, आणि अस्थी घरी देत नाहीत. कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो. त्यामुळे बाबांना दोन आठवडे थांबावं लागलं. त्या दिवसांत त्यांनी आजोबांचे कपडे लावले, चष्मे गोळा केले, तळघरातल्या हत्यारांना तेल घातलं. कारखान्यातली जुनी माणसं भेटायला आली तेव्हा त्यांना कॉफी दिली. त्यातल्या एकाने विचारलं, तू अमेरिकेत काय करतोस? बाबा म्हणाले, "इंजिनिअर आहे." आणि रिकामे कप उचलून आत गेले. पाहुण्यांनीही पुढे विचारलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी ते भांडी पुसत होते. म्हणाले, "आई, ते रविवारी बोलू म्हणाले. ते माझ्याशी बोलणार होते, की तिला मधे बसवून?"

मी खूप विचार केला. त्यांना बरं वाटेल असं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. पण मला ते माहीत नव्हतं, आणि आजही नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उरलेली ताटं पुसली.

तर थोरली, हे असं आहे. जे राहून गेलं ते त्या दोघांचं राहून गेलं. तू त्यातलं काही हरवलं नाहीस. दोघांनी एकमेकांचा शब्दन् शब्द ऐकला होता. बोलायचं कुणी, एवढंच ठरत नव्हतं. दोन मोठी माणसं लहान मुलीच्या आड उभी राहिली, यात चूक कुणाची ते तू सहज ओळखशील. त्या खुर्चीवर तुला पुन्हा कुणी बसवणार नाही. निरोप द्यायचा असेल तर मी बाबांना सरळ देते, तेही मला सरळच देतात. परवा आम्ही दोघं भांडलोसुद्धा, माझ्या बीपीच्या गोळ्यांवरून, मधे कुणी नसताना.

अलाबामाचे धडे दक्षिणेपर्यंत आले आहेत. मोबाईल नावाच्या शहराजवळचा उपसागर, तिथला दलदलीचा मुलूख, आणि ज्या गावाने आपला कापूस खाणाऱ्या किड्याचा पुतळा चौकात उभारला ते गाव अजून राहिलं आहे. धाकट्याला त्या किड्याची घाई आहे. मी त्याला थांबवून ठेवलं आहे, पण फार दिवस थांबेल असं वाटत नाही.

आजोबा नाहीत. त्या दोघांचं भांडण मिटलं नाही, आणि आता मिटणारही नाही. तुझे बाबा त्याच कारखान्यात आहेत, युनियन नाही. तुम्हा दोघांना मराठी अजून समजतं. रविवारी चारला फोन लागतो.